दिनविशेष : ६ सप्टेंबर – 'कोर्ट'चा व्हेनिसमध्ये गौरव

व्हेनिस चित्रपट महोत्सवात २०१४ साली आजच्या दिवशी चैतन्य ताम्हाणे या २७ वर्षांच्या मराठी दिग्दर्शकाला 'कोर्ट' या चित्रपटासाठी पदार्पणाचा 'लायन ऑफ द फ्यूचर' पुरस्कार मिळाला. महोत्सवाच्या ओरिझोंटी विभागातही 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट ठरला. पदार्पणाच्या पुरस्काराची १ लाख डॉलरची रक्कम दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यात विभागली जाते. निर्माते होते विवेक गोंबर. बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यांचीच. चित्रपटात गटार साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूचा ठपका शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यावर येतो आणि खालच्या न्यायालयात तारखांमागून तारखा पडत राहतात. शाहिरांची भूमिका कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. इतका खरा न्यायालयीन पट मराठीत विरळाच!

पदार्पणाचा असा गौरव इतरत्रही होतो. ब्रिटनमध्ये बाफ्टा या चित्रपट पुरस्कारांत ब्रिटिश लेखक, दिग्दर्शक, निर्मात्यांच्या पदार्पणासाठी स्वतंत्र सन्मान आहे. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत २०१३ च्या चित्रपटांमधून तो मान नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ला मिळाला, तर 'कोर्ट' पुढच्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नांदेड-लातूरच्या होतकरू दिग्दर्शकांनी हे दोन्ही चित्रपट आवर्जून पाहावेत.