पाण्याचा हिशेब मागणारे काल्पनिक जग

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गच्या पुढे तुळजापूर तालुक्यातले जळकोट लागते. नावात जळ असले तरी हा मुलूख अवर्षणप्रवण आहे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही येतो. एप्रिल २०१६ मध्ये तर शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा भागातल्या मुलांना चटकन ओळखीचे वाटेल असे एक काल्पनिक जग १९९१ साली अमेरिकेत तयार झाले, तेही एका खेळासाठी. या जगाचे नाव अथास आणि खेळसंचाचे नाव 'डार्क सन'.

हा खेळ कोणत्या जातीचा, ते आधी पाहू. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि यशापयशाचा निकाल फासे व नियम लावून ठरतो.

या पद्धतीचे मूळ युद्धशास्त्रात आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात पंच होता, आणि रणांगणावरील अनिश्चिततेसाठी फासे होते. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यांनी अशा खेळात सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंना दिली. त्यातून पुढे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली निघाला. त्यात चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे फासे वापरतात. भूमितीतले पाच सुसम घन ते हेच!

या खेळासाठी अनेक काल्पनिक जगे रचली गेली. बहुतेकांत घनदाट अरण्ये, राजवाडे, सोन्याचे हंडे असत. टिमोथी ब्राउन व ट्रॉय डेनिंग यांनी रचलेले आणि ब्रॉम या चित्रकाराच्या चित्रांनी रूप घेतलेले अथास मात्र उजाड होते. तिथल्या समुद्रात पाण्याऐवजी धूळ आहे. धातू इतका दुर्मिळ, की नाणी भाजलेल्या मातीची आणि शस्त्रे हाडाची, दगडाची, लाकडाची. ती लढता लढता मोडतातही.

हे जग असे का झाले? याचे उत्तर एका गृहीतकात आहे. अथासवर जादूला लागणारी शक्ती वनस्पतींतून येते. ती बेताने घेतली तर झाड जगते, पण जादू शिकायला वेळ लागतो. ओरबाडून घेतली तर जादूगार लवकर बलवान होतो. मात्र भोवतालच्या वनस्पतींची आणि मातीची राख होते. पिढ्यान्‌पिढ्या ओरबाडणारेच राज्यकर्ते झाले आणि जगाचे वाळवंट झाले.

या जगाचे आकर्षण इथेच आहे. एक गृहीतक धरले, की धातू, पाणी, राज्यव्यवस्था या सर्वांवर त्याचे परिणाम कसे होतात, हे खेळाडूला स्वतः तपासता येते. शिवाय टंचाईमुळे त्याच्या प्रत्येक निर्णयाला वजन येते. इतर जगांत प्रवास म्हणजे एक वाक्य. इथे प्रत्येकाला रोज किती पाणी लागेल, याचा नियम आहे. माणशी रोज ४ लिटर धरा. पाच जणांच्या सहा दिवसांच्या प्रवासाला १२० लिटर, म्हणजे १२० किलो पाणी झाले. ते वाहणार कोण? जनावर घेतले तर त्याचे पाणी वेगळे. मग वाटसरू पाणी मागायला आला तर काय करायचे? गणिताचा प्रश्न इथे नीतीचा होतो.

जादू खोटी असली तरी हिशेब खरा आहे. पाऊस भूजलात जेवढी भर घालतो त्याहून जास्त उपसा झाला, की विंधन विहिरी खोल जात राहतात. पहिल्याला लाभ लवकर मिळतो आणि किंमत शेजारच्या विहिरीला मोजावी लागते.

याची दुसरी बाजूही जवळच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला (१५८०-१६२७). कोरड्या मुलखात पाण्याचा विचार किती आधीपासून करावा लागला, त्याची ही साक्ष.

पर्यावरणाच्या तासाला हा खेळ सोप्या रूपात घेता येईल. वर्गाचे पाच गट म्हणजे पाच शेतकरी. सर्वांची मिळून एक विहीर, तीत १०० चिंचोके. दरवर्षी प्रत्येक गटाने हवे तेवढे उचलावेत, आणि फासा पडेल त्याच्या तिप्पट चिंचोके पावसाने भरावेत. बागायती पिकाला चार चिंचोके व उत्पन्न पाच रुपये, कोरडवाहूला एक चिंचोका व उत्पन्न दोन रुपये. दहा वर्षे खेळा. विहीर कोणत्या वर्षी आटली आणि नियम बदलायची मागणी कोणत्या गटाने आधी केली, याची नोंद मुलांनाच ठेवू द्या.