ख्वाजा युनूस प्रकरण

ख्वाजा युनूस प्रकरण हे महाराष्ट्रातील पोलीस कोठडीतून व्यक्ती नाहीशी होण्याचे एक प्रमुख प्रकरण आहे. मूळचा परभणीचा, दुबईत नोकरी करणारा २७ वर्षीय सॉफ्टवेअर अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या ताब्यात असताना बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह मिळालेला नाही. तो पळून गेल्याचा पोलिसांचा दावा राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या (सीआयडी) तपासात खोटा ठरला.

पार्श्वभूमी

२ डिसेंबर २००२ रोजी मुंबईतील घाटकोपर रेल्वे स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्यात दोन जण ठार व सुमारे पन्नास जण जखमी झाले. या प्रकरणी पोलिसांनी दहशतवाद प्रतिबंधक कायद्याखाली (पोटा) अनेकांना अटक केली. सुट्टीसाठी मायदेशी आलेल्या युनूसला डिसेंबर २००२ च्या अखेरीस अटक करण्यात आली. पुढे २००५ मध्ये विशेष पोटा न्यायालयाने स्फोटाच्या खटल्याला सामोरे गेलेल्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

बेपत्ता होणे

पोलिसांच्या म्हणण्यानुसार, युनूसला तपासासाठी औरंगाबादकडे नेले जात असताना अहमदनगर जिल्ह्यातील पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि त्याचा फायदा घेऊन तो पळाला. मात्र, ६ जानेवारी २००३ रोजी कोठडीत युनूसला विवस्त्र करून पट्ट्याने मारहाण करण्यात आली व त्याला रक्ताची उलटी झाली, असे सहआरोपी डॉ. अब्दुल मतीन यांनी सांगितले. त्यानंतर युनूसला कोणीही जिवंत पाहिल्याचे समोर आलेले नाही.

तपास व खटला

कुटुंबीयांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर तपास सीआयडीकडे सोपवण्यात आला. सीआयडीने १४ पोलिसांविरुद्ध खटला चालवण्याची परवानगी मागितली. राज्य शासनाने ती केवळ चौघांविरुद्ध दिली: साहाय्यक पोलीस निरीक्षक सचिन वाझे आणि शिपाई राजेंद्र तिवारी, राजाराम निकम व सुनील देसाई. त्यांच्यावर खून, पुरावा नष्ट करणे व खोटा पुरावा तयार करणे असे आरोप ठेवण्यात आले. २००४ मध्ये वाझे यांना अटक होऊन ते निलंबित झाले.

युनूसची आई आसिया बेगम यांनी उर्वरित पोलिसांवरही खटला चालावा यासाठी न्यायालयीन लढा दिला. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ही मागणी मान्य केली नाही. मात्र त्यांना एकूण २० लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

जानेवारी २०१८ मध्ये मतीन यांनी सत्र न्यायालयात साक्ष दिली व मारहाण करणारे म्हणून आणखी चार पोलिसांची नावे घेतली. त्यांना आरोपी करावे, असा अर्ज विशेष सरकारी वकील धीरज मिरजकर यांनी केला. त्यानंतर काही काळातच शासनाने मिरजकर यांना या खटल्यातून दूर केले आणि खटला रखडला. जून २०२० मध्ये चौघेही आरोपी पोलीस सेवेत परत घेतले गेले. त्याविरुद्ध आसिया बेगम यांनी न्यायालयाच्या अवमानाची याचिका दाखल केली. वाझे यांना अन्य एका प्रकरणात अटक झाल्यावर मे २०२१ मध्ये बडतर्फ करण्यात आले.

कायदेशीर संदर्भ

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारानुसार सक्तीने नाहीसे करण्याचे तीन घटक आहेत: व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावून घेणे, त्यात शासनयंत्रणेचा हात किंवा संमती असणे, आणि ते नाकारून किंवा व्यक्तीचा ठावठिकाणा लपवून तिला कायद्याच्या संरक्षणाबाहेर ठेवणे. हा करार २०१० मध्ये अमलात आला. भारताने फेब्रुवारी २००७ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. मात्र त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

भारतीय कायद्यात हा स्वतंत्र गुन्हा नाही. त्यामुळे खून, अपहरण, पुरावा नष्ट करणे अशा कलमांखाली खटले चालतात आणि मृतदेह नसल्यास मृत्यू सिद्ध करणे अवघड होते. शासकीय सेवकांवरील खटल्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी हा आणखी एक अडथळा ठरतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम १७६(१अ) घालण्यात आले. त्यानुसार कोठडीतील मृत्यूप्रमाणेच कोठडीतून व्यक्ती नाहीशी झाल्यासही न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी बंधनकारक झाली. सात वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या व्यक्तीला मृत मानण्याची तरतूद पुरावा कायद्यात होती. परंतु त्यातून मृत्यूची जबाबदारी निश्चित होत नाही.

मणिपूरमध्ये लष्कराने नेलेल्या व परत न आलेल्या दोघांच्या प्रकरणात (सेबॅस्टियन होंग्रे खटला, १९८४) सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता.

तत्सम प्रकरण

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहरात लूटमारीच्या संशयावरून पकडलेले दोन तरुण पळून गेल्याचे पोलिसांनी सांगितले. प्रत्यक्षात त्यांपैकी एकाचा कोठडीतील मारहाणीत मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळण्यात आला, असे तपासात आढळले. एका उपनिरीक्षकासह अनेक पोलिसांना अटक झाली व तपास सीआयडीकडे गेला. दहशतवादाशी संबंध नसलेल्या या प्रकरणातही ‘आरोपी पळाला’ हेच स्पष्टीकरण देण्यात आले होते. येथे मात्र जळालेले अवशेष आणि दुसऱ्या तरुणाची साक्ष यांमुळे सत्य काही दिवसांतच उघड झाले.