भुताची मोजणी

पत्त्यांची जादू शिकणाऱ्याला एक शब्द लवकरच भेटतो - 'एल्मस्ली काउंट'. चार पत्ते हातात घेऊन सगळ्यांसमोर एकेक करून मोजायचे. एक, दोन, तीन, चार. मोजणी चोख. पण त्यातला एक पत्ता दिसलेलाच नसतो आणि दुसरा एक दोनदा दिसलेला असतो! समोरच्याला पत्ता लागत नाही, अगदी शब्दशः.

ही युक्ती काढणारे ॲलेक्स एल्मस्ली (१९२९-२००६) पोटापाण्यासाठी जादू करत नव्हते. हे स्कॉटिश गृहस्थ केंब्रिजला भौतिकशास्त्र आणि गणित शिकले. तिथल्या पेंटॅकल क्लब या जादूच्या मंडळाचे ते सेक्रेटरी होते. पुढे आधी पेटंट एजंट झाले, मग कॉम्प्युटरच्या कामात शिरले. जादू हा फावल्या वेळचा नाद, तोही टेबलापलीकडच्या चार माणसांपुरता.

मला मात्र त्यांचं पिसण्याचं गणित जास्त आवडतं. कॅट बरोब्बर अर्धा करायचा आणि २६-२६ पत्ते एकाआड एक गुंफायचे. वरचा पत्ता वरच ठेवला तर 'आउट', दुसरा झाला तर 'इन'. (मेंढीकोटाच्या डावात आपण पिसतो त्यात हे बसत नाही!) आठ 'आउट' झाले की ५२ पत्ते पुन्हा मूळ क्रमाने हजर. एल्मस्लींनी १९५७ मध्ये याचं गणित छापलं. वरचा पत्ता हव्या त्या जागी कसा न्यायचा? समजा त्याच्यावर सहा पत्ते हवेत. सहा म्हणजे द्विमान पद्धतीत ११०. एक म्हणजे इन, शून्य म्हणजे आउट. इन, इन, आउट... झालं काम! घरी करून बघा.

गंमत बघा, दुसऱ्यांच्या शोधांना पेटंट मिळवून देणं हा ज्यांचा व्यवसाय होता, त्यांनी स्वतःचे शोध मात्र खुशाल छापून टाकले. हातचलाखी एकदा छापली की ती सगळ्यांचीच. कुलूप असं काही नाहीच, राहतो तो फक्त रिवाज - ज्याची युक्ती त्याचं नाव घ्यायचं. त्यांनी स्वतः तिला 'घोस्ट काउंट' म्हटलं होतं, म्हणजे भुताची मोजणी. नाव चिकटलं ते एल्मस्लींचं.

प्रेक्षकांना ते कधीच कळत नाही. कळलं तर युक्ती फसली. कळतं ते फक्त करणाऱ्याला. आपल्या घरांतही एखाद्या मावशीच्या चकल्या तिच्यामागेही तिच्याच नावाने होतात ना, तसंच हे.