कालबद्ध कार्यसत्र
अवधान-न्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी) या मेंदूविकासाशी संबंधित अवस्थेत काळाचा अंदाज अनेकदा चुकतो आणि काम सुरू करणेच जड जाते, म्हणून कामाचे घड्याळाने मोजलेले छोटे भाग पाडण्याची पद्धत. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाअखेरीस तिला २५ मिनिटे काम व ५ मिनिटे विश्रांती असे रूप दिले. गोव्यातील पेडणे-डिचोलीच्या पंचांगवाचकांना परिचित असलेली घटिकाही जवळपास तेवढीच, २४ मिनिटांची. मात्र २५ मिनिटांचे माप सर्वांना मानवत नाही: काहींना दहा मिनिटेही पुष्कळ होतात, तर काहींची महत्प्रयासाने लागलेली तंद्री गजराने मोडते व पुन्हा लागत नाही, त्यामुळे अवधी व्यक्तीनुसार ठरवणेच योग्य. ही पद्धत उपचारांना पर्याय नव्हे. निदानासाठी गोव्यात बांबोळी येथे शासकीय मानसोपचार व मानवी वर्तणूक संस्था आहे.