पांढरी तबकडी आणि आकाशातला डोळा

ताऱ्यांच्या प्रकाशाची चिकित्सा करणारा एक जेझुइट पाद्री १८६५ च्या एप्रिलात समुद्रात तबकड्या बुडवीत बसला होता. त्याचे नाव अँजेलो सेक्की. रोमच्या वेधशाळेचा हा प्रमुख, पोपच्या आरमारातील चाल्दी या अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जहाजावर आलेला. युक्ती अगदी साधी. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. पाणी जितके नितळ, तितकी दोरी लांब.

पुढे शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी पाण्याचा रंग वरून वाचावयास घेतला. सूक्ष्म शेवाळातील हरितद्रव्य निळा प्रकाश गिळते, म्हणून शेवाळ वाढले की समुद्र हिरवटतो. हे विमानातून मोजता येते, असे क्लार्क, यूइंग आणि लॉरेन्झेन यांनी १९७० साली दाखविले. पण विमान जसजसे वर जाई, तसतसा हवेचाच उजेड मध्ये लुडबुडे!

ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने निंबस-७ हा उपग्रह सोडला. त्यावरील रंगमापक खास किनाऱ्याच्या नावाने बनविलेला. एका वर्षाच्या बोलीवर गेला आणि १९८६ पर्यंत राबला. त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात समुद्राचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा, बाकी सारा हवेचा. तो वजा करणे हीच खरी विद्या. आणि गंमत पाहा, नाव किनाऱ्याचे, पण यश मिळाले ते भर समुद्रात. कारण किनाऱ्याशी नद्यांचा गाळ असतो, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर अर्क असतो, आणि तोही निळा प्रकाश गिळतो. चिखलालाच शेवाळ समजण्याची चूक इथे सहज होते. मोरेल आणि प्रियर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी या दोन पाण्यांतला भेद १९७७ सालीच सांगितला होता.

आपला ओशनसॅट २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचा एकेक ठिपका ३६० मीटरांचा, म्हणजे निंबसच्या निम्म्याहूनही बारीक. तरी कोकणच्या खाड्या त्यात मावतात कशाबशाच. शिवाय नद्या लाल होऊन समुद्राला मिळतात त्याच महिन्यांत वर ढगांचे छत असते, आणि या डोळ्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. शहराच्या सांडपाण्यातील रोगजंतू तर त्याला कधीच दिसणार नाहीत. त्यासाठी बाटली भरून प्रयोगशाळेतच न्यावी लागते.

म्हणून उपग्रहाचे आकडे पडताळण्यासाठी होड्या अजून निघतात. त्यांत किमती यंत्रांशेजारी, दोरीला बांधलेली, सेक्कीची ती तबकडीही असते.