नमुन्याचे शेत आणि जालन्याची काळी माती

विज्ञान शिकवायचे तर प्रयोगशाळा हवी, निधी हवा, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. हे कारण आम्हाला मान्य नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला दिलेले निवेदन आठवा. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण, ही त्यातली मागणी सर्वांना पाठ असते. पण खेड्यातल्या शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, मुलांनी शेतीविद्या तिथे प्रत्यक्ष शिकावी, असेही त्यात आहे. आणि शिक्षक कसा? वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारा. ही ओळ जयंतीच्या भाषणांत का येत नाही, हे वाचकांनीच ओळखावे.

ते कमिशन इंग्रजी मुलखासाठी होते. जालना तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. निजामी राजवट संपली १९४८ साली. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा कुठे आमच्या वाडीवस्तीवरच्या पोरांना उच्च शिक्षणाचे दार जवळ आले. पण प्राथमिक शाळेतले विज्ञान वाचून दाखवण्यापुरतेच राहिले.

खरे तर लागते काय? पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या बुडातून कापा, तोंडाला फडके बांधून उलट्या टांगा. एकीत काळी माती, दुसरीत मुरूम. दोन्हींत एक-एक पेला पाणी ओता. मुरमातून ते लवकर ठिबकते, काळी माती धरून ठेवते. मग त्याच मातीचा गोळा उन्हात ठेवा, तडे मोजा. कापूस वेचायला जाणाऱ्या आईच्या लेकराला हे आधीच ठाऊक असते. वर्गात ते पहिल्यांदाच जाणकार ठरते.

इथेच खरी अडचण आहे. ज्या व्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला हलके ठरवले, तिला हातांनी मिळवलेले ज्ञान कसे पचेल? १९७२ मध्ये होशंगाबादच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झाले; ते तीस वर्षे चालले आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद केले.

आणखी एक. प्रयोगात पेला सगळ्यांच्या हातून फिरतो. पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले होते. म्हणून शाळा समितीच्या बैठकीत आम्ही एवढेच विचारतो: या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला, आणि पाणी कोणी ओतले?