सात-बाऱ्यावर नसलेलं टॉकीज

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. या पंचवीस वर्षांत आपण सगळेच एका गोष्टीत तरबेज झालो, ती म्हणजे कागदपत्रं. भाग प्रमाणपत्र, इंडेक्स टू, कन्व्हेयन्स डीड, मालमत्ता पत्रक. कुठला कागद कुठल्या कपाटात आहे, हे आपल्या सचिवांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. स्मरणिका समितीच्या मुलांनी "काका, जुन्या आठवणींवर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा मला नेमकी अशी जागा आठवली की जिचा एकही कागद कुणाच्या कपाटात नाही. ती म्हणजे आमच्या सुलतानपूरचं टॉकीज.

सुलतानपूर म्हटलं की अनेकांना उत्तर प्रदेशातलं वाटतं. आमचं सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्यातलं. मेहकरहून सिंदखेडराजा-जालन्याकडे निघालात की रस्त्यातच लागतं. लोणारचं सरोवर पाहायला जाणारे इथूनच वळतात. आता तालुका लोणार, पूर्वी मेहकर होता.

ज्यांचं बालपण मुंबई-पुण्यात गेलं, त्यांच्या टॉकीजना निदान पत्ता तरी होता. गिरगावात मॅजेस्टिक होतं. १४ मार्च १९३१ ला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' तिथेच लागला. ते टॉकीज पाडलं, तरी तिथल्या शॉपिंग सेंटरला नाव मॅजेस्टिकचंच राहिलं. पुण्यात मंडईजवळ १९१५ साली सुरू झालेलं आर्यन सिनेमा १९८३ साली बंद झालं. आज तिथे गाड्या उभ्या राहतात, पण पुणेकर अजून "आर्यनच्या पार्किंगला लाव" असंच म्हणतात. इमारत गेली तरी नाव मागे राहतं. आमच्या टॉकीजला मुळात इमारतच नव्हती.

आमचं टॉकीज तंबूत होतं. सुगी आटोपली, ज्वारी-कापूस घरात आला, लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले की गावात एक ट्रक यायचा. त्यात तंबूचं कापड, बांबू, दोरखंड, लोखंडी मेखा, पडदा, मशीन आणि जनरेटर. बाजाराच्या मोकळ्या जागेत दोन दिवसांत तंबू उभा राहायचा. महिना-दीड महिना मुक्काम. मग उन्हाळी वावटळी सुरू व्हायच्या बेताला एखाद्या सकाळी जागा रिकामी दिसायची. मागे फक्त मेखांची भोकं आणि शेंगांची टरफलं.

फिरत्या खेळांची ही रीत आपल्याकडे सिनेमाच्याही आधीची आहे. १८९२ साली कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले आणि पुढे ते गावोगाव नेले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे फाळके स्वतः यंत्र, पडदा आणि फिल्म बैलगाडीत घालून खेड्यापाड्यांत गेले, असं सांगतात. तेव्हा आमच्या गावात येणाऱ्या ट्रकच्या पुढे ही बैलगाडी कधीच येऊन गेली होती.

आता थोडं धंद्याविषयी. सिनेमावाल्यांचा नकाशा सरकारी नकाशापेक्षा वेगळा असतो. वऱ्हाड, म्हणजे बेरार, १९०३ साली मध्य प्रांताला जोडलं गेलं. १९५६ साली ते मुंबई राज्यात आलं आणि १९६० साली महाराष्ट्रात. पण चित्रपट वितरणाच्या धंद्यात आमचा भाग 'सी. पी. बेरार'च राहिला. शेजारचा मराठवाडा मात्र 'निझाम' सर्किटमध्ये. राज्यं आली-गेली, सिनेमाच्या हद्दी जिथल्या तिथे. सेंट्रल सर्किटच्या सिनेमावाल्यांच्या संघटनेचं मुख्य कार्यालयसुद्धा भुसावळला. त्यामुळे गंमत अशी व्हायची की आमच्याहून एका एसटीच्या अंतरावर असलेलं जालना सिनेमाच्या हिशेबात परकं. तिकडचा वितरक वेगळा, इकडचा वेगळा. जालन्याचे पाहुणे यायचे आणि आम्ही न पाहिलेल्या सिनेमाचा शेवट सांगून जायचे.

शिवाय तंबू म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. प्रिंट आधी मोठ्या शहरांत चालायची, मग तालुक्यांना, आणि पार घासून गेली की तंबूत. पडद्यावर उभ्या रेघाच रेघा. त्याला आम्ही "पाऊस पडतोय" म्हणायचो. राजस्थानच्या वाळवंटातही आमच्याकडे पाऊस पडायचा!

मशीन एकच असायचं. शहरातल्या टॉकीजमध्ये दोन असतात. एकावरचं रीळ संपायच्या आत दुसऱ्यावरचं सुरू होतं, प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात, म्हणून हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. अडीच तासांच्या सिनेमाची फीत साडेतेरा हजार फूट भरते, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. आमचा ऑपरेटर दोन-दोन रिळं जोडून घ्यायचा, तरी वीस-बावीस मिनिटांनी थांबावंच लागायचं. त्यामुळे आमच्याकडे मध्यंतर एक नव्हतं, पाच-सहा होती. त्या वेळात पिकांचे भाव निघायचे, सोयरिकी निघायच्या, हीरोनं काय करायला पाहिजे होतं यावर भांडणंही व्हायची. मशीनमधला उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधून निघायचा. जळून उरलेली थोटकं आम्ही पोरं रेघोट्या मारायला वेचून न्यायचो.

पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. पुढून पाहणाऱ्यांना सिनेमा सरळ दिसायचा. मागून पाहणाऱ्यांना सगळं उलटं. नावं उलटी, आणि प्रत्येक हीरो डावखुरा. मी पुष्कळ सिनेमे मागून पाहिले आहेत.

दिवसा बैलगाडीला दोन्ही बाजूंनी पोस्टर बांधून, भोंगा लावून गावभर पुकारा व्हायचा. आमच्या शेजारच्या आजी दारातून विचारायच्या, "काऊन रे बाप्पा, आज देवाचा हाये का मारामारीचा?" उत्तरावर त्यांचं जाणं ठरायचं. 'सोंगाड्या' आला १९७१ साली. तंबूत तो आमच्यापर्यंत उशिरा पोचला, पण दादा कोंडक्यांनी नुसतं तोंड उघडलं तरी तंबू हलायचा. १९७५ सालच्या 'जय संतोषी माँ'ला देशभर बायका चपला बाहेर काढून बसल्या, पडद्यावर फुलं-पैसे टाकू लागल्या. आमच्या तंबूत चपला काढायचा प्रश्नच नव्हता, कारण बऱ्याच जणी अनवाणीच आलेल्या असायच्या. बसायला घरून आणलेलं पोतं किंवा घोंगडी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येतो. त्या काळी आमच्या गावात बाईमाणसाला रात्री घराबाहेर पडायला दोनच कारणं होती: भागवत सप्ताह नाही तर कुणाचं बाळंतपण. तंबूनं तिसरं कारण दिलं. बायकांसाठी दोरी बांधून वेगळी जागा असायची. त्या दिवसांत आमच्या आईचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. दिवस मावळायच्या आत भाकरी थापून व्हायच्या, आणि आळीतल्या सात-आठ जणी कंदील घेऊन एकत्र निघायच्या. सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र लागायचं. धरणं, पूर, पंतप्रधानांचे दौरे. आई कधी शाळेत गेली नाही. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो या पडद्यावर, काळापांढरा. पुढे किती तरी वर्षांनी तिला मुंबईला चौपाटीवर नेलं, तर बराच वेळ पाहून म्हणाली, "तंबूत याच्यापरीस मोठा दिसला होता."

तंबूत सगळं गोडच होतं असं सांगणार नाही. कापडाच्या तंबूत शेकडो माणसं आणि बाहेर पडायची वाट अरुंद, हे आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. गावात वस्त्या वेगळ्या होत्या, पाणवठे वेगळे होते. तिकिटावर जात लिहिलेली नसायची, सगळ्यांना एकच भुई. तरी सुरुवातीला जो तो आपापल्या वस्तीजवळच बसायचा, हे खरं. पण गर्दी वाढली, अंधार झाला आणि पुढचा माणूस उंच निघाला की सरकासरकी व्हायचीच. रीळ संपून दिवा लागला की कोण कुणाशेजारी बसलंय हे दिसायचं. काही जण उठून जागा बदलायचे, काही तसेच बसून राहायचे. अशी दुसरी जागा त्या वयात मी गावात पाहिली नाही.

तंबू कधी बंद झाला, याची तारीख नाही. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर दर रविवारी 'रामायण' सुरू झालं, आणि ज्या घरी टीव्ही त्या घराचं टॉकीज झालं. मग व्हिडिओ आले, मग केबल. तरी १९९१ साली आलेल्या 'माहेरची साडी'नं तंबूवाल्यांना शेवटचा मोठा हंगाम दिला. बायका बैलगाड्या जुंपून यायच्या आणि डोळे पुसत परत जायच्या. नंतर एका वर्षी ट्रक आला, एका वर्षी आला नाही, पुन्हा एकदा आला, आणि मग येईनासा झाला. कुणी चौकशीही केली नाही. २०१३-१४ च्या सुमारास तर सिनेमाची रिळं निघणंच बंद झालं, सगळं डिजिटल झालं. महाराष्ट्रातल्या अशा उरल्यासुरल्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर जरूर पाहा.

सात-बाऱ्यावर जमिनीची नोंद असते, विहिरीची असते, झाडांचीसुद्धा असते. दीड महिना उभ्या राहिलेल्या तंबूची नसते. त्याचा परवाना जिल्ह्याच्या कचेरीतून निघायचा आणि तिकिटामागे करमणूक कर भरावा लागायचा. म्हणजे एके काळी त्याच्या फायली असणार. आता १ जुलै २०१७ पासून तो करही जीएसटीत विलीन झाला. फोटो म्हणाल, तर आमच्या आळीत तेव्हा कॅमेराच कुणाकडे नव्हता. राहता राहिली ती तिथे बसलेली माणसं.

आणि ती माणसं आता थकली आहेत. आमची आई पंचाऐंशीची आहे. बी विंगच्या बाकावर संध्याकाळी बसलेली तुम्ही तिला पाहता. गेल्या दिवाळीत तिला सहज विचारलं, कंदील घेऊन तंबूला जाणाऱ्या कोण कोण होत्या? तिनं बोटावर मोजत पाच जणींची नावं घेतली. कुणाच्या कडेवर लेकरू असायचं, कोण सिनेमा सुरू होताच झोपायची, कोण पोटभर रडायची, सगळं सांगितलं. सहावीला अडली. चेहरा डोळ्यांसमोर आहे म्हणाली, नाव येत नाही. गावी फोन केला, तिथेही कुणाला सांगता आलं नाही. त्या बाईचं नाव रेशन कार्डावर असेल, मतदार यादीत असेल. पण ती तंबूत आमच्या आईच्या शेजारी बसायची, हे एका माणसाच्या आठवणीत होतं. तिथून तिचं नाव आता गेलं.

आपल्या सोसायटीत वऱ्हाडातली घरं आहेत, मराठवाड्यातली आहेत, खानदेशातली आहेत. प्रत्येकाच्या गावच्या बाजारात, जत्रेत असा तंबू कधी ना कधी लागलेला आहे. बाकावर बसणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना नुसतं विचारून पाहा. "काही आठवत नाही" असं म्हणतील. दोन मिनिटं थांबा, मग ऐकत बसावं लागेल.

मी एक दोनशे पानी वही आणली आहे. ती सोसायटीच्या ऑफिसात, तक्रार वहीच्या शेजारी ठेवलेली आहे. पहिल्या दोन पानांवर सुलतानपूरचा तंबू लिहिला आहे आणि आईनं सांगितलेली पाच नावंही. सहाव्या नावासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे. बाकीची पानं तुमची. गावाचं नाव, तंबू लागायची जागा, पाहिलेले सिनेमे आणि मुख्य म्हणजे शेजारी कोण बसायचं ते, एवढं लिहिलं तरी पुरे. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी नातवंडांनी लिहावं. कोजागरीला आपण गच्चीवर दूध आटवतोच. या वर्षी तिथे पडदा बांधून एक जुना सिनेमा लावावा, खुर्च्या न मांडता सतरंज्या अंथराव्यात, असं मी समितीला सुचवलं आहे. समितीनं होकार दिला आहे. फक्त "देवाचा का मारामारीचा" यावर अजून एकमत झालेलं नाही.